गच्चीचं दार उघडलंच नाही

16 मे 2008 रोजी नोएडातील राहत्या घरात आरुषी तलवार या शाळकरी मुलीचा मृतदेह सापडला आणि पोलिसांपाठोपाठ शेजारी, नातलग, पत्रकार सारेच आत-बाहेर करू लागले. कुठले ठसे कुणाचे, हे मग कोण सांगणार? गच्चीच्या दाराला कुलूप होतं. ते तोडायची तसदी त्या दिवशी कुणी घेतली नाही. घरातल्या ज्या नोकरावर, हेमराजवर, संशय होता, त्याचाच मृतदेह दुसऱ्या दिवशी त्या गच्चीवर मिळाला! पुढे प्रयोगशाळेच्या अहवालात पुरावा म्हणून घेतलेल्या उशांच्या अभ्र्यांच्या नोंदींची अदलाबदल झाली. कारण म्हणे, टंकलेखनातली चूक. 2013 मध्ये या दोन्ही खुनांसाठी आरुषीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली, 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली.

आता सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, असं नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. पण तज्ज्ञाच्या आधी पोहोचतो तो ठाण्यातला हवालदार. त्याच्याकडे हातमोजे आणि दोरी हवी, शिवाय बघ्यांना, पुढाऱ्यांना, प्रसंगी स्वतःच्या साहेबांनाही उंबऱ्याबाहेर थांबवण्याचा लेखी अधिकार हवा.