भयंकर बातमी आणि घरातली मुले

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. त्याच मुंबई-गोवा महामार्गावरच्या, सिंधुदुर्गातल्या कसालसारख्या गावाला ही बातमी लांबची नव्हती. महिनाभरावर, 5 सप्टेंबरला, गणेश चतुर्थी होती आणि चाकरमानी याच रस्त्याने येणार होते.

अशा वेळी ‘पोरांसमोर विषय नको, घाबरतील’ असे घरोघरी म्हटले जाते. त्यामागे माया आहे, पण त्यातले गृहीतच चुकीचे आहे. मुलांना बातमी कळलेलीच असते: तिठ्यावर, रिक्षात, मधल्या सुट्टीत, मोठ्यांच्या मोबाइलवर. मुले आत येताच मोठी माणसे गप्प झाली, की उरलेले ती मनानेच रचतात आणि एकटीच भीत बसतात.

‘जग असेच आहे, सगळे बघू दे’ हे दुसरे टोकही टिकत नाही. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या 1995 च्या बॉम्बस्फोटानंतर मुलांचा अभ्यास झाला. टीव्हीवर ती दृश्ये जास्त पाहणाऱ्या मुलांत मानसिक ताणाची लक्षणे जास्त आढळली. तेच दृश्य पुन्हा दाखवले, की लहान मुलाला घटना परत घडतेय असे वाटू शकते.

‘आपल्याला काही होत नाही’ हा दिलासा तर सर्वांत घातक. एप्रिल 2017 मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. कसालहून मालवणला जाणाऱ्या मुलांना खोटा धीर नको, समुद्राचे नियम हवेत.

म्हणून आधी विचारावे: तू काय ऐकलेस? मग विचारले तेवढ्याचेच खरे उत्तर द्यावे. महाडच्या वेळी ‘बाबांची गाडी त्याच पुलावरून येणार?’ याचे उत्तर साधे होते: तो पूल आता नाही, शेजारी दुसरा आहे. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल शोधाला उतरले, हेही सांगावे. मदतीला माणसे धावतात हे मुलांना कळायलाच हवे. मोठ्या मुलांपासून जबाबदारीचा प्रश्नही लपवू नये. सरकारने चौकशी आयोग नेमला होता. पूल का पडला हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तोच प्रश्न दहादा आला तर दहादा उत्तर द्यावे.

कित्येक आठवडे झोप लागत नसेल, मूल शाळेला जायला घाबरत असेल, तर घरचे बोलणे पुरत नाही. कसालजवळ ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची 14416 ही मोफत सेवा रात्रंदिवस चालू असते.