नुकसानभरपाई आणि मौनाची किंमत

२०२५ च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. ही चिंता पुण्यापुरती राहत नाही. पालमसारख्या तालुक्याच्या गावातील कित्येक घरे आता शहरातील पगारावर उभी आहेत. मुलाच्या नोकरीवर बहिणीचे लग्न आणि विहिरीचे कर्ज अवलंबून असते. म्हणून खाजगी नोकरी संपताना पुढे येणाऱ्या कागदांचा विचार येथेही व्हावयास हवा.

मोठ्या कंपन्यांच्या अशा करारपत्रांत कधी कधी एक कलम असते : कंपनीविषयी प्रतिकूल बोलू वा लिहू नये, तसे केल्यास रक्कम परत करावी. सही करावी काय?

प्रथम हिशेब पाहावा. ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, शिल्लक रजेचा पगार हे कंपनीचे औदार्य नव्हे. दहा वर्षे सेवा आणि ग्रॅच्युइटीस धरावयाचे वेतन ५२,००० रुपये असेल, तर २६ दिवसांचा महिना व वर्षास १५ दिवस या रीतीने ग्रॅच्युइटी तीन लाख होते. कंपनीने देऊ केलेल्या पाच लाखांत हे तीन लाख मिळविलेले असतील, तर मौनाचे मोल दोनच लाख होय! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता कपातीच्या वेळी कामगारास वर्षामागे १५ दिवसांचे वेतन देवविते. परंतु स्वखुशीचा राजीनामा लिहून दिला की ती कपात राहत नाही. शिवाय स्वेच्छानिवृत्तीची रक्कम स्वीकारल्यावर मागील हक्कांसाठी दाद मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने ए. के. बिंदल खटल्यात २००३ साली घेतली. तेव्हा हिशेब सहीपूर्वीच झाला पाहिजे.

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने वरची रक्कम घेऊन सही केली, तर त्यास भित्रा म्हणू नये. म्हणणारे त्याचा हप्ता भरणार नसतात. तथापि या मौनाची झळ तिसऱ्यालाच लागते. पगार थकविला जातो वा छळ होतो हे जुन्या माणसाने सांगितले नाही, तर नवा उमेदवार आंधळेपणाने आत शिरतो. अमेरिकेत मिशिगनमधील एका रुग्णालयाच्या प्रकरणी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने २०२३ साली असा कागद नुसता पुढे करणेही बेकायदा ठरविले, ते याच जाणिवेतून.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे २८ वे कलम न्यायालयाचा मार्ग सर्वस्वी बंद करणारा करार त्या मर्यादेपुरता रद्द मानते. म्हणून कामगार आयुक्त, न्यायालय, पोलीस आणि लैंगिक छळाची तक्रार यांना हे बंधन लागू नाही, असे करारात स्पष्ट लिहून घ्यावे. ते नाकारले आणि तक्रार खरोखरच गंभीर असेल, तर माझ्या मते वरच्या रकमेवर पाणी सोडावे. कंपनीनेही नव्या मालकाजवळ आपली निंदा करू नये, ही मागणी रास्तच आहे. कागद घरी नेऊन वाचण्यास चार दिवस मागावेत. आजच सही करा असा आग्रह झाला, तर वकिलाला दाखविल्याखेरीज लेखणी उचलू नये.