जहाज रुतले, खलाशी अडकले

आज ५ एप्रिल, राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच तारखेस सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडच्या वाटेस लागले, त्याचे हे स्मरण होय. या दिवशी व्यापारी नौवहनाच्या प्रगतीची भाषणे होतात, टनांचे आकडे वाचले जातात आणि मंत्र्यांच्या छातीवर चिमुकले निशाण लावले जाते. या समारंभाबद्दल आमची तक्रार नाही. तथापि ज्यांच्या जिवावर हा व्यापार चालतो त्या खलाशांचे संकटकाळी काय होते, हा प्रश्न अशा दिवशी कोणी विचारीत नाही, म्हणून तो आम्हांस विचारावासा वाटतो. त्यासाठी २०२१ साली सुएझ कालव्यात जे घडले त्याचे स्मरण करणे अगत्याचे आहे.

२३ मार्च २०२१ रोजी सकाळी ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज कालव्याच्या दक्षिण टोकाशी, जेथे एकाच जहाजापुरता मार्ग आहे तेथे, आडवे झाले. ४०० मीटर लांब, ५९ मीटर रुंद आणि पाठीवर १८ हजारांवर कंटेनर, असा तो डोलारा होता. कंटेनरांच्या उंच भिंतीवर धुळीचे वादळ आदळत होते आणि जहाजाचा वेग तर कालव्याच्या मर्यादेहून पुष्कळच वाढलेला होता. अरुंद पाण्यात असे अवाढव्य धूड काठाजवळ सरकले की, मधले पाणी वेगाने धावू लागते, तेथील दाब घटतो आणि जहाजाचे मागील अंग काठाकडे ओढले जाते. मग सुकाणूवर कितीही निष्णात हात असला तरी त्याचे चालत नाही. जहाजाची नाळ पूर्वेच्या काठात घुसून जायबंदी झाली, मागील टोक पश्चिमेच्या काठाला टेकले, आणि जगाच्या व्यापाराचा सुमारे आठवा हिस्सा ज्या वाटेने जातो ती वाट सहा दिवस बंद पडली. चारशेहून अधिक जहाजे खोळंबली. सुमारे ३० हजार घनमीटर वाळू उपसली गेली, टग बोटी रात्रंदिवस झुंजल्या. परंतु अखेर कामास आली ती पौर्णिमेची भरती. २८ मार्चला आपल्याकडे होळी पेटली आणि धुळवडीच्या दिवशी जहाज तरंगले. उधाणाचे हे शास्त्र कोकणातल्या कोळ्याला कोणी शिकवावे लागले नसते!

येथवरची कथा जगाने मोठ्या चवीने ऐकली. खरी कथा पुढेच आहे. कालवा प्राधिकरणाने जहाज ग्रेट बिटर सरोवरात उभे केले आणि ९१ कोटी ६० लाख डॉलरांचा दावा लावला. त्यांतील ३० कोटी डॉलर तर केवळ नावलौकिकास बट्टा लागल्याबद्दल होते. पुढे हा आकडा ५५ कोटींवर आला, आणि जाहीर न झालेल्या रकमेवर तडजोड होऊन ७ जुलैला जहाज सुटले. जहाजाचा मालक जपानी, ते चालविणारी कंपनी तैवानची, व्यवस्थापन जर्मन कंपनीकडे, निशाण पनामाचे. आणि जहाजावरची २५ माणसे? ती मात्र एकजात भारतीय! नफा, विमा, नोंदणी यांची वाटणी चार देशांत झाली. अडकून पडण्याचा वाटा तेवढा आमच्या पदरी पडला.

कालव्यातून जाताना प्राधिकरणाचे पायलट जहाजावर घ्यावेच लागतात. त्या दिवशी तसे दोघे होते. तरीही नुकसानीची जबाबदारी कप्तानाचीच, असे त्याच प्राधिकरणाचा नियम सांगतो. वाट दाखविणारा निराळा आणि भरपाईस उत्तरदायी निराळा, ही व्यवस्था व्यापाराच्या सोयीची असेल, न्यायाची खचित नाही. इजिप्शियन पायलटांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. १९५६ साली नासर यांनी कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला आणि परदेशी पायलट निघून गेले, तेव्हा याच लोकांनी जहाजे सुरळीत नेऊन टीकाकारांची तोंडे बंद केली होती. त्या संघर्षात भारत इजिप्तच्या बाजूने उभा होता. म्हणूनच स्नेह्याच्या नात्याने स्पष्ट बोलण्याचा आपणांस अधिकार आहे.

खलाशांस ओलीस धरल्याचा आरोप प्राधिकरणाने नाकारला. त्यांस अन्नपाण्याची ददात नव्हती आणि काहींना घरी परतू दिले गेले, हेही आम्ही नमूद करतो. परंतु इतरांचे नशीब एवढेही नव्हते. त्याच सुएझनजीकच्या अदाबिया बंदरात ‘अमान’ नावाचे जहाज मालकांच्या थकबाकीपायी २०१७ पासून अडकले होते. न्यायालयाने त्यावरील एका सीरियन अधिकाऱ्यास जहाजाचा कायदेशीर रक्षक ठरविले आणि तो जवळजवळ चार वर्षे तेथे राहिला. शेवटी शेवटी तर एकटाच. फोनची बॅटरी भरण्यासाठी पोहून काठावर जाणारा! एप्रिल २०२१ मध्ये त्याची सुटका झाली. श्रीमंत देशांत तरी निराळे घडते काय? २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या पुलाला ‘डाली’ जहाज धडकले आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. जहाजावरून वेळीच धोक्याची सूचना गेल्याने पुलावरची वाहतूक थांबविता आली. त्या जहाजावरील २१ पैकी २० खलाशी भारतीय होते. तपासासाठी त्यांचे फोन काढून घेण्यात आले आणि कित्येक आठवडे त्यांस किनाऱ्यावर पाय ठेवता आला नाही.

अपघाताची चौकशी व्हावी, दोषी असेल त्यास शासन व्हावे, याविषयी दुमत नाही. दाव्यापोटी जहाज अडविण्याचा हक्कही पुरातन आहे. परंतु लाखो टनांचे लोखंड तारण असताना त्यावर माणसांचे तारण कशाला? अपघातग्रस्त खलाशांशी न्यायाने वागावे अशी मार्गदर्शक तत्त्वे आंतरराष्ट्रीय सागरी संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २००६ मध्येच केली. मात्र ती बंधनकारक नाहीत. त्यांस कराराचे रूप देण्याचा आग्रह जगाला खलाशी पुरविणाऱ्या भारताने धरावयाचा नाही तर कोणी? दिवाणी दावा दाखल होताच ठरावीक दिवसांत बदली खलाशी पाठविणे मालकावर सक्तीचे करावे, आणि तशी हमी दिल्याशिवाय कोणत्याही परदेशी कंपनीला येथे भरती करू देऊ नये.

नौवहनाचा कारभार पाहणारे केंद्र सरकारचे कार्यालय मुंबईतच आहे. कोणत्या परदेशी बंदरात किती भारतीय खलाशी, कोणत्या कारणाने आणि किती दिवस अडकून पडले आहेत, याची यादी आजच्या समारंभात टनांच्या आकड्यांआधी वाचून दाखविली जावी, अशी आमची मागणी आहे.