वजाबाकी कुणाच्या पगारातून?

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळ्यावरचे फोटो आणि ‘काय खावंसं वाटतंय?’ असे विचारणारी पंचवीस माणसे. दुसऱ्या खेपेला हा थाट बहुधा नसतो आणि प्रश्नही एकच उरतो: ‘मोठ्याचं काय करणार आहेस?’ या प्रश्नातले क्रियापद नीट ऐकावे. ‘करणार आहात’ असे कोणी म्हणत नाही. नवरा शेजारी बसलेला असला तरी प्रश्न एकवचनातच येतो आणि तीही एकटीच उत्तर शोधायला लागते. थोरल्याचे रुळलेले पाळणाघर चालू ठेवायचे, गावाहून आईला किंवा सासूबाईंना बोलवायचे, दिवसभराची बाई पाहायची, की सरळ नोकरी सोडायची? या पर्यायांवर घरात आणि ऑफिसच्या डब्यावर पुष्कळ चर्चा होते. माझे म्हणणे एवढेच, की पर्याय निवडण्याच्या आधी मनात जो हिशेब मांडलेला असतो तोच चुकलेला असतो आणि एकदा तो चुकला की कुठलाही पर्याय निवडला तरी किंमत एकच माणूस मोजतो.

तो हिशेब घरोघरी सारखाच असतो. समजा, तिचा पगार महिना ३५ हजार आणि त्याचा ४५ हजार. थोरल्याच्या पाळणाघराचे ८ हजार, तान्ह्याचे १० हजार, मिळून १८ हजार. ३५ मधून १८ गेले, राहिले १७. त्यातून जाण्यायेण्याचा खर्च, वरकामाच्या बाईचा पगार आणि मुलांच्या आजारपणातल्या बिनपगारी रजा वजा केल्या तर हातात दहा-बारा हजार. ‘एवढ्यासाठी दोन लेकरांची फरपट कशाला?’ हे वाक्य मग कोणाच्या तरी तोंडून येतेच, आणि बोलणारा माणूस दुष्ट नसतो. वजाबाकीही चोख असते. चूक आहे ती वर लिहिलेल्या रकमेत. मुले दोघांची, मग खर्च एकटीच्या पगारातून का? तेच १८ हजार घरच्या ८० हजारांतून वजा केले तर ते साडेबावीस टक्के होतात. तिच्या पगारातून केले तर अर्ध्याहून जास्त. रुपये तेवढेच, पण एका कागदावर नोकरी परवडते आणि दुसऱ्यावर परवडत नाही. गृहकर्जाचा हप्ता अनेक घरांत याहून मोठा असतो आणि वीस वर्षे चालतो. तो नवऱ्याच्या पगारातून वजा करून ‘एवढंच उरतं तर सोड नोकरी’ असा सल्ला त्याला कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी चूक मुदतीची. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की एका बाळंतपणानंतर पुढचे गरोदरपण किमान २४ महिन्यांनी यावे. म्हणजे धाकटे जन्मते तेव्हा थोरले सुमारे पावणेतीन वर्षांचे असते आणि लवकरच बालवाडीच्या दाराशी येते. दोघांचे पूर्ण वेळ शुल्क भरण्याचा काळ त्यामुळे फार लांबत नाही. तरी सढळ हाताने अडीच वर्षे धरू. १८ हजारांप्रमाणे ५ लाख ४० हजार रुपये झाले. नोकरी सोडली तर हे वाचतात, पण त्याच तीस महिन्यांचा साडेदहा लाखांचा पगार जातो. गोष्ट इथे संपत नाही. पाच वर्षांनी ती परत आली आणि जुन्याच ३५ हजारांवर काम मिळाले असे मानू, जे सहज घडत नाही. दरवर्षी सात टक्के वाढ मिळाली असती तर तोवर पगार ४९ हजारांवर गेला असता. महिन्याला १४ हजारांची ही दरी सव्वातीन वर्षांत पाळणाघराचे वाचवलेले सगळे पैसे गिळून टाकते आणि त्यापुढे निवृत्तीपर्यंत उघडीच राहते. भविष्यनिर्वाह निधीतला तिचा आणि मालकाचा वाटा थांबतो, कर्मचारी निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा अपुरी राहू शकते. पाळणाघर हा काही वर्षांचा खर्च आहे, सोडलेली नोकरी हा अनेक वर्षांचा. अर्थशास्त्राचे २०२३ चे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून हेच दाखवले, की आज एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मापासून रुंदावते.

घरातल्या या हिशेबाला दोष देताना कायद्याकडेही पाहावे, कारण तोही हीच वजाबाकी करत आला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची अट कामगारांची संख्या बघून नव्हती, स्त्री कामगारांची संख्या बघून होती. १९७६ मध्ये ती ३० पेक्षा जास्त स्त्रिया अशी झाली. जणू बाप असलेल्या कामगाराला मूलच नसते. शिवाय तिसाव्या बाईनंतर एकतिसावी बाई कामावर घेतली की पाळणाघर बांधावे लागणार, हे मालकाला ठाऊक असे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ही चूक अर्धी सुधारली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले आणि मोजणीत पुरुषही आले. पण त्या पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मात्र कायद्याने स्त्रीलाच दिली. पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पहिल्या दोन मुलांसाठी. परंतु कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकऱ्यांत त्या रजेचा सगळा पगार एकट्या मालकाने द्यायचा. साहजिकच मुलाखतीत बाईच्या मांडीवरचे मूल मोजले जाते आणि पुरुषाचे नाही. केंद्र सरकारी नोकरीतल्या वडिलांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीतल्या वडिलांना कायद्याने एक दिवसही नाही. घरात दुसरे मूल येते तेव्हा तान्ह्याजवळ आई हवी हे उघड आहे. मग थोरल्याला उचलायला, शाळेत सोडायला आणि रात्री त्याचा रुसवा काढायला मोकळे हात कुणाचे, याचे उत्तर कायद्याने कोरे ठेवले आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्यांच्या संगोपनात वेळ देतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के, जे देतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला १४० मिनिटे आणि पुरुष ७४.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सगळे पैशांत मोजता का? लहान मुलाला आई लागते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. त्यात असे दिसले, की पाळणाघरात राहिल्यामुळे आईशी असलेले नाते आपोआप सैल होत नाही. घर कसे आहे आणि आई मुलाला कसा प्रतिसाद देते, याचा प्रभाव अधिक असतो. पाळणाघर चांगले असेल तर भाषेला आणि शिकण्याला थोडा फायदा होतो. पण खूप लवकर आणि खूप जास्त तास ठेवलेल्या मुलांत हट्ट, मारामारी यांचे प्रमाण किंचित जास्त आढळले, हेही त्याच अभ्यासात आहे. अर्थ असा, की आग्रह धरायचाच तर तो तास बेताचे ठेवण्याचा आणि पाळणाघर पारखून घेण्याचा धरावा. तास बेताचे ठेवायचे तर एकाने सकाळी उशिरा निघावे आणि दुसऱ्याने संध्याकाळी लवकर यावे लागते, म्हणजे पुन्हा दोन माणसे आली. पारख करण्याची गरज किती, हे २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरातल्या दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीने राज्याला दाखवून दिले. त्यानंतर २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली, पण सोसायटीतल्या दोन खोल्यांत चालणारे पाळणाघर तपासण्याचे काम व्यवहारात आईबापांवरच पडते.

याच आक्षेपाचे एक धाकटे भावंड आहे: ‘आई रजेवर घरीच आहे, मग थोरल्याला कशाला पाठवायचं? सहा महिन्यांची फी तरी वाचेल.’ मला हा सल्ला उलटा वाटतो. पावणेतीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने पाहावे. आईने कडेवर घेणे कमी केलेले असते, मग ती दवाखान्यात जाते आणि येताना कुशीत दुसरेच कोणी असते. अशा वेळी त्याची ओळखीची ताई, दुपारची ठरलेली झोप आणि बरोबरीची चार मुले एवढेच त्याचे जुने जग शिल्लक राहते. फीसाठी तेही काढून घ्यायचे आणि आईची रजा संपली की पुन्हा तिथेच रडत सोडायचे, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा घडी मोडायची. बदल करायचाच असेल तर तो बाळंतपणाच्या तीन-चार महिने आधी करावा किंवा नंतर बऱ्याच दिवसांनी. तास मात्र जरूर कमी करावेत.

दुसरा आक्षेप आजीचा. आजी असताना पाळणाघर हवेच कशाला? जिथे आजी आनंदाने आणि धडधाकट आहे तिथे याहून चांगले काही नाही. पण आजीला पर्याय म्हणून गृहीत धरताना तिचे वय, तिचे गुडघे आणि तिची इच्छा हिशेबात येत नाही. राज्य सरकारी नोकरी ५८ व्या वर्षी संपते, त्यामुळे आजची आजी कित्येकदा स्वतःच शाळेत शिकवत असते किंवा कचेरीत फायली हलवत असते. लातूर-नांदेडहून पिंपरी-चिंचवडला आलेल्या जोडप्याची आजी शेत आणि आजोबांना सोडून दीड वर्ष कशी येणार? परदेशातल्या मराठी घरांत तर व्हिसाच्या मुदतीप्रमाणे आधी एक आजी आणि मग दुसरी अशी पाळी लागते. एक मूल सांभाळणे आणि एक रांगते नि एक पळते अशी दोन सांभाळणे यांतला फरक दुप्पट नाही, कितीतरी जास्त आहे. आजीचे श्रम फुकट वाटतात, कारण तेही कुठल्या पगारातून वजा होत नाहीत. आईच्या ऐवजी आजीने किंमत मोजली, तर हिशेब बरोबर झाला असे होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्या घरात दोघांची मिळून कमाई वीस हजार आहे तिथे हिशेब कुठूनही मांडला तरी पाळणाघर परवडत नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ नवरा-बायकोच्या समजुतीवर सोडता येत नाही. आपले मूल दिवसभर सांभाळणारी बाई बहुधा स्वतःचे मूल कुणाच्या तरी भरवशावर ठेवून आलेली असते. बीडहून निघणाऱ्या ऊसतोडीच्या ‘कोयत्या’त नवरा-बायको मिळून एक धरले जातात, त्यांच्या फडावर पन्नास कर्मचाऱ्यांचे ऑफिस नसते आणि कोपीजवळ तान्ह्याला सांभाळायला थोरली बहीण बसते. बांधकामांवरच्या मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून फिरत्या पाळणाघरांचे काम चालू आहे, पण ते संस्थेचे आहे. शासनाकडे अंगणवाडी आहे, तीही १९७५ पासून, पण ती काही तासच चालते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे आणि देशभरात अशी १७ हजार केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट होते. दिशा बरोबर आहे. मात्र ते काम जिने करायचे ती सेविका अजून पगार घेत नाही, ‘मानधन’ घेते. राज्यातल्या सेविकांना २०२३ च्या डिसेंबरात त्यासाठी संपावर जावे लागले. तासांत वाढ आणि मानधनात काटकसर केली, तर वजाबाकी पुन्हा एका बाईच्याच पगारातून झाली.

या बाबतीत महाराष्ट्राला बाहेरून काही शिकायची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे चालवले. आदिवासी पाड्यांत शाळा उघडली तरी मुली येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली ‘विकासवाडी’ तिथे उभी राहिली. घरात दोन मुले आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी आहेत, एवढी साधी गोष्ट तिच्या रचनेत धरलेली होती. शाळेच्या आवारात पाळणाघर असेल तर थोरले आणि धाकटे एकाच फाटकातून आत जातात आणि त्यांना न्यायला एकच माणूस पुरतो. शहरातल्या महापालिका शाळांत जिथे पट घटून वर्ग रिकामे पडले आहेत, तिथे हा विचार आज करण्यासारखा आहे.

तोवर घरापुरते जे हातात आहे ते करावे. पाळणाघराचा छापील अर्ज समोर येतो तेव्हा त्यात दोन जागा रिकाम्या असतात: फी कुणाच्या खात्यातून जाणार, आणि मुलाला ताप आला तर पहिला फोन कुणाला करायचा. दोन्ही ठिकाणी सवयीने आईचे नाव पडते. दुसरे मूल येण्याआधी या दोन जागा दोघांनी बसून भराव्यात, निदान एका जागी बाबाचे नाव यावे. मग वाटल्यास आजीला बोलवावे, तास कमी करावेत, दोघांपैकी एकाने काही काळ रजा घ्यावी किंवा नोकरीही सोडावी. तो निर्णय चुकला तरी निदान दोघांचा मिळून चुकेल.