पेटी आपल्या वावरात, चावी कुणाकडं?



आमच्या गटातल्या चौदा द्राक्षबागांत ठिबकच्या ऑटोमेशनच्या पेट्या आहेत. पेटी म्हणजे सिमकार्डावर चालणारा छोटा कॉम्प्युटरच. चौदाही पेट्या कंपनीच्या एकाच सॉफ्टवेअरला जोडलेल्या. सोय झाली हे खरं. रात्रीच्या लाईटीला बॅटरी घेऊन वावरात जाणं वाचलं. कुठला व्हॉल्व्ह अडकला ते घरबसल्या कळतं.

पण यंदा गोड्या छाटणीनंतर, ऐन फुटी निघताना कंपनीनं सगळ्या पेट्यांना एकदमच अपडेट सोडला. सकाळी बघतो तर चौदाही बागांचं वेळापत्रक कोरं! एखाद्याच्या हातून चूक झाली असती तर एक बाग तहानली असती, इथं सगळ्याच. ठिबकातून सोडायचं खतही राहिलं. दोन दिवस हातानं व्हॉल्व्ह फिरवले.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरात सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, विमानं अडकली. अपडेट क्षणात पोचला, दुरुस्ती मात्र बऱ्याच ठिकाणी एकेका मशीनपाशी जाऊन करावी लागली. 2022 मध्ये युक्रेनच्या मेलितोपोलमधून रशियन सैनिकांनी पळवलेली जॉन डिअरची यंत्रं लांबूनच लॉक झाली. चोराची जिरली, बरं झालं. पण जी चावी चोराला अडवते, ती मालकालाही अडवू शकते.

म्हणून एका जागेवरून कारभार नकोच, असं मी म्हणत नाही. चौदा बागा फिरून सेटिंग करायची तर दिवस मोडतो. पण पेटी घेतानाच कंपनीकडून एवढं लिहून घ्या:

1. रेंज गेली तरी पेटीनं ठरलेलं पाणी स्वतः द्यावं.
2. अपडेट आधी एकाच पेटीवर. आठवडाभर बघून मग बाकीच्यांवर. छाटणी ते फुलोरा या काळात आपल्या होकाराशिवाय नाही.
3. मुख्य पासवर्ड गटातल्या दोघांकडं, सेटिंगची प्रतही आपल्याकडं.

आणि हातानं फिरवायचे व्हॉल्व्ह काढून टाकू नका.

नवीन औषध आपण आधी एका ओळीवर मारून बघतो, मग बागेवर. अपडेटला वेगळा नियम कशाला?

तुमच्या पेटीचा पासवर्ड कुणाकडं आहे, आजच विचारून घ्या.