सूर्यास्तानंतरची तपासणी

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटासमोर सायंआरतीच्या वेळी नावांची दाटी होते आणि आरती संपताच त्या जवळजवळ एकाच वेळी सुटतात. वल्ह्यांच्या होड्या, इंजिनाच्या नावा, विद्युतमाळांनी मढवलेल्या मोठ्या नौका असा तो मेळा असतो. रोषणाईला तोटा नसतो. मात्र समोरची नाव येत आहे की जात आहे, हे सांगणारा दिवा फार थोड्या नावांवर माझ्या पाहण्यात आला.

नौकेचा दिवा वाट उजळण्यासाठी नसून आपली दिशा इतरांना कळवण्यासाठी असतो. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा ही खूण ब्रिटिश नौदल विभागाने १८४८ मध्ये आगबोटींना लावून दिली. तिच्यामागील तर्क आजही तोच आहे. उजवीकडून आडव्या येणाऱ्या नौकेचा लाल दिवा दिसला, तर वाट आपण द्यायची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी लहान नौकांना सवलतही दिली आहे. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांहून अधिक वेग नसलेल्या यांत्रिक होडीला चहूबाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. वल्ह्याच्या होडीला हाताशी विजेरी असली तरी पुरते. हेच नियम दिशादर्शक दिव्यांशी गल्लत होईल अशा अन्य दिव्यांना मनाई करतात. लाल-हिरव्या माळा मिरवणाऱ्या नौकामालकांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

समुद्रासाठीचे हे नियम नदीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. तेथे १९१७ च्या कायद्याची जागा घेणारा २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आहे. अंमलबजावणीचा भार मुख्यतः राज्यांवर आहे.

दुर्घटना घडली की प्रशासनाला प्रथम सुचते ती सूर्यास्तानंतरची सरसकट बंदी. मीही प्रशासनात होतो, तेव्हा हा मोह मला परका नाही. केरळमधील तानूर येथे ७ मे २०२३ रोजी तिन्हीसांजेला पर्यटक नौका उलटून २२ जण दगावले. तेथे मुख्य दोष दिव्यांचा नव्हता, अतिभाराचा होता. तथापि अंधार पडताना ती नौका पाण्यात आहे, हे काठावरील यंत्रणेने रोखले नाही. बंदी कागदावर राहते तेव्हा ती मोडणारा नावाडी दिवा लावत नाही, विझवतो. म्हणजे त्याच पात्रातील दुसऱ्याचा धोका वाढतो.

खरी उणीव कचेरीच्या वेळापत्रकात आहे. नौकेची तपासणी दिवसाउजेडी होते. दिवा बसवलेला दिसतो, पेटलेला कोणी पाहत नाही. परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी एक तपासणी अंधार पडल्यावर, पाण्यावरून व्हावी. वल्ह्याच्या होडीसाठी विजेरीची अट घालताना ती विजेरी पहिल्या वेळी नगरपालिकेनेच द्यावी. पर्यटकांकडून घाटावर घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून तेवढा खर्च सहज भागेल.