फेणेला कुणाचं सुतक?

१९८८ साली अमेरिकेत बॅटमनच्या वाचकांना एक सवाल टाकला गेला: बॅटमनचा पोरसवदा साथीदार रॉबिन जगवायचा की मारायचा? जगवायला एक टेलिफोन नंबर, मारायला दुसरा, आणि फोनला पन्नास सेंट. ७२ मतांच्या फरकाने पोरगं मेलं. जेसन टॉड त्याचं नाव. मग बॅटमनला दुःख झालं, दुःखाच्या भरात तो जिवावर उदार होऊन हाणामाऱ्या करू लागला. पुढच्याच वर्षी टिम ड्रेक नावाचा शाळकरी मुलगा आपणहून पुढे आला आणि म्हणाला, बॅटमनला रॉबिन लागतोच. गरज कुणाची? एका आडदांड, गर्भश्रीमंत बाप्याची. भागवायची कुणी? दप्तर पाठीवर असलेल्या पोराने. मोठ्या माणसाला शोक आवरेना, म्हणून आधीच्या मेलेल्या मुलाच्या जागी नवं मूल उभं करायचं. तिकडे या कथेला फार हृदयस्पर्शी मानतात. मला ती निलाजरी वाटते.

पण अमेरिकेशी आपलं भांडण नाही. माझं भांडण पुण्याशी आहे, कारण हाच उद्योग आपण आपल्या फुरसुंगीच्या बनेश फेणेवर केला.

भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे लिहिला तो शाळकरी. किडकिडीत, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा. काही खटकलं की तोंडातून ‘टॉक्क’! राम वाईरकरांनी त्याला चेहरा आणि काटकुळे हातपाय दिले, आणि तो कागदावरच पळू लागला. त्याला लफड्यात पडायला कुणाचं मरण लागत नसे. नाकासमोर चालायची सवय नाही आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची आहे, एवढं भांडवल पुरे. सुभाष देसाई त्याचा दोस्त होता, चेला नव्हता. आणि मोठी माणसं? ती शेवटी यायची, पाठ थोपटायला. दूरदर्शनवर मालिका झाली तेव्हाही पोरसवदा सुमीत राघवनच फेणे झाला होता. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

२७ ऑक्टोबर २०१७ ला सिनेमा आला. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, अमेय वाघ फेणे. सिनेमा वाईट नव्हता, गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा तर अंगावर येतो. पण फेणे कोण? वैद्यकीय प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण. नुकताच भेटलेला धनेश मरतो, पोलीस आत्महत्या म्हणून फाइल मिटवू पाहतात, आणि मित्राच्या मरणाचं ओझं घेऊन हा गडी न्याय मिळवायला निघतो. सोबत कोण? भूभू नावाचं एक चुणचुणीत पोरगं. म्हणजे बघा, ज्या वयाचा मुलगा भागवतांकडे नायक होता, त्या वयाचा मुलगा इथे नायकाचा मदतनीस. वरच्या मजल्यावर सुतक, खालच्या मजल्यावर साइडकिक. फुरसुंगीचं बॅटमनचं गोथम शहर करून टाकलं. आणि वर दिलीप प्रभावळकरांना भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर बसवलं, जणू म्हाताऱ्याची सही घेऊनच हे चाललंय!

(फुरसुंगीशी पुण्याचं वागणं तसंही जुनंच आहे. वर्षानुवर्षे शहराने आपला कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीच्याच डेपोत नेऊन ओतला. ज्या गावाने आपल्याला फेणे दिला त्याला ही परतफेड.)

यावर ठरलेलं उत्तर येतं: काळ बदलला, आता दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर सिनेमा चालत नाही, तिकिटं कोण काढणार? फेणे आला त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १६ नोव्हेंबरला, ‘नाळ’ लागला. नायक चैत्या, इवलासा पोर. थिएटरं भरली. त्याआधी ‘एलिझाबेथ एकादशी’ २०१४ मध्ये आला होता, आणि तिथेही सायकल वाचवायची धडपड पोरंच करतात! तेव्हा तिकीटबारीचं कारण मला सांगू नका.

खरं कारण आपल्या मध्यमवर्गीय पोटात आहे. मुलगा एकटा सायकल काढून लक्ष्मी रोड ओलांडून चोराच्या मागे गेला, हे आज आपल्याला धाडस वाटत नाही, आईबापाचा हलगर्जीपणा वाटतो. शाळेची व्हॅन, क्लासची व्हॅन, मधल्या वेळात फोन. या मुलाला आपण कथेतसुद्धा मोकळं सोडत नाही. सोडलाच तर एखाद्या मोठ्याच्या हाताखाली, त्याचं दुःख हलकं करायला, त्याचे निरोप पोहोचवायला. आणि मोठ्याला साहस करायचं तर त्यालाही आधी एक प्रेत लागतं, नाहीतर तो घराबाहेर का पडला हे आपल्याला पटत नाही. निव्वळ चौकसपणा पुरत नाही म्हणे. पुण्यात! जिथे रस्त्यावर खड्डा खणला तरी चार माणसं वाकून बघत उभी राहतात!

टिम ड्रेकचं मला वाईट वाटतं, पण त्याला निदान निर्मात्यांनीच तसा घडवला होता. फेणेला मात्र भागवतांनी मोकळा जन्माला घातला आणि त्याला वयात आणून शोकात बसवला तो आपण.

पुढचा फेणे काढणार असाल तर निर्मात्यांना माझं एवढंच सांगणं आहे. सातवी-आठवीतला पोरगा घ्या, त्याला सायकल द्या, कुणालाही मारू नका. आणि मदतनीस द्यायचाच झाला तर एखादा पन्नाशीचा, ढेरपोट्या माणूस द्या. अमेय वाघ तोवर त्या वयाचे होतीलच.